राजाबाईचा मनोरा

माझे बालपण रायपूरच्या पुरानी बस्तीत गेले. ज्यांनी ही वस्ती पाहिलेली नाही त्यांना एवढेच सांगतो की तेथे उभे राहिलेल्या माणसाला दहा-पंधरा पावलांपलीकडचे काही दिसत नसे. गल्ली वळे, तिच्याबरोबर नजरही वळे. महामायेच्या देवळापाशी आले म्हणजे थोडे आकाश मोकळे होई. बुढा तलावाच्या पाळीवर गेले म्हणजे पाण्यापलीकडची झाडे दिसत. बाकी छत्तीसगडचे ते सपाट मैदान. डोंगर नाही, टेकडी नाही. आपण राहतो ते गाव असते तरी केवढे, ते कोठून कोठवर पसरले आहे, हे कळावयास आम्हां मुलांना साधन नव्हते.

उंचीचा मक्ता आमच्या गावात दोघांकडेच होता. एक देवाकडे, दुसरा राजाकडे. देवाच्या शिखरावर कोणी चढत नाही. राजाचा किल्ला बुढा तलाव आणि महाराजबंद यांच्यामधल्या भूमीवर होता. पंधराव्या शतकात हैहयवंशी राजा भुवनेश्वरसिंहाने तो बांधला असे सांगतात. त्याला पाच दरवाजे आणि पुष्कळ बुरूज होते. १७९५ साली ब्लंट नावाचा इंग्रज अधिकारी ह्या वाटेने गेला तेव्हा त्याने तो पाहिला होता. त्या बुरुजांवरून नागपूरकर भोसल्यांच्या शिपायांनी पहारे केले असतील. पण गावच्या तेल्याने, साळ्याने, किंवा पाणी भरावयास निघालेल्या बाईने केवळ गंमत म्हणून बुरुजावर चढावे आणि आपल्या घराचे छप्पर शोधावे, असे कधी घडले नसेल. बुरूज शत्रूकडे पाहण्यासाठी असतो. गावाकडे पाहण्यासाठी तो कोणी बांधीत नाही.

भोसल्यांबरोबर आणि भोसल्यांमागून जी मराठी घरे ह्या मुलखात आली, त्यांतलेच आमचे एक. १८८८ च्या सुमारास बंगाल-नागपूर रेल्वेचा रूळ रायपुरास पोहोचला आणि मुंबई आमच्या मंडळींच्या बोलण्यात येऊ लागली. मी प्रथम मुंबईस निघालो तेव्हा आमच्या आत्याने दशम्यांचे गाठोडे हातात देत मला सांगितले, "बाबू, मुंबईला चाललास तर राजाबाईला पाहून येजो." मी विचारले, "आत्या, ही राजाबाई कोण?" ती म्हणाली, "असेल कोणी राणी. उगीच का कोणी एवढा मोठा मनोरा बांधते तिच्या नावाने?"

आत्याचा समज चुकीचा होता, पण तिचा तर्क सरळ होता. आमच्या देशात मनोऱ्याला नाव मिळते ते सुलतानाचे किंवा विजयाचे. दिल्लीचा कुतुबमिनार घ्या, नाहीतर बहमनी सुलतानाने दौलताबादेस उभारलेला चाँदमिनार घ्या. राजाबाई मात्र राणी नव्हती. ती सुरतेहून मुंबईस आलेल्या एका जैन व्यापाऱ्याची आई होती, आणि तिच्याविषयी इतिहासाला जे माहीत आहे ते जवळजवळ एवढेच आहे.

तिचा मुलगा प्रेमचंद रायचंद. जन्म १८३१ चा. इंग्रजी शिकलेला, दलालीच्या धंद्यात पडलेला, आकडेमोडीत असा तरबेज की पुढे मुंबईच्या बाजारात त्याच्या शब्दावर भाव चढत आणि उतरत. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. दक्षिणेकडील संस्थानांतला कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, आणि आपल्या वऱ्हाड-खानदेशच्या, गुजरातच्या कापसाला सोन्याचे मोल आले. चार वर्षे मुंबईवर पैशाचा पाऊस पडला. त्या पैशातून बँका निघाल्या, पेढ्या निघाल्या, समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या कंपन्या निघाल्या. आणि ज्या जमिनीवर अजून लाटा आपटत होत्या तिच्या समभागांची विक्री दर्शनी किमतीच्या कित्येक पटींनी होऊ लागली. ह्या साऱ्या खेळाचा सूत्रधार प्रेमचंद होता.

ह्याच भरात, १८६४ च्या ऑगस्ट महिन्यात, त्याने मुंबई विद्यापीठाला दोन लक्ष रुपये देऊ केले, ग्रंथालयाची इमारत बांधण्यासाठी. विद्यापीठ स्थापन होऊन सातच वर्षे झाली होती. त्याला स्वतःची इमारत नव्हती. थोड्याच दिवसांत आणखी दोन लक्ष रुपये आले. ते मनोऱ्यासाठी. त्यात मोठे घड्याळ असावे, घंटानाद असावा, आणि त्याला आपल्या आईचे नाव द्यावे, एवढीच दात्याची इच्छा.

पुढच्याच वर्षी अमेरिकेतले युद्ध संपले. कापसाचा भाव कोसळला. १८६५ च्या १ जुलैला वायद्याचे व्यवहार पुरे करावयाचे होते. तो दिवस उगवला तेव्हा मुंबईतल्या श्रीमंतांपैकी किती श्रीमंत उरले होते ते मोजणे सोपे होते. बँका बुडाल्या. विधवांच्या ठेवी, कारकुनांची शिल्लक, सारे गेले. प्रेमचंदही बसला, आणि त्याच्याबरोबर बसलेल्या पुष्कळांनी त्याला बोल लाविला. तो अगदी अन्याय होता असे मला वाटत नाही. परंतु जे पैसे त्याने आधीच विद्यापीठाच्या हवाली केले होते ते तेवढे शाबूत राहिले. कलकत्ता विद्यापीठाला त्याने दिलेल्या दोन लाखांच्या शिष्यवृत्त्या आजही त्याच्या नावाने ओळखल्या जातात. त्या वावटळीत मिळविलेले बाकीचे द्रव्य वाऱ्यावर गेले, दिलेले राहिले.

मनोऱ्याची आखणी सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट या विलायतेतील नामांकित वास्तुशिल्पज्ञाने केली. हे गृहस्थ मुंबईस कधी आलेच नाहीत. त्यांनी लंडनमध्ये बसून नकाशे काढले आणि ते बोटीने इकडे आले. १८६९ च्या १ मार्चला पायाचा दगड बसला, आणि काम पुरे व्हावयास १८७८ चा नोव्हेंबर उजाडला. कुर्ल्याचा पिवळसर दगड आणि नक्षीकामाला पोरबंदरचा मऊ दगड. उंची २८० फूट. त्या वेळी मुंबईत एवढी उंच दुसरी इमारत नव्हती. शेजारचे हायकोर्टही त्याच सुमारास पुरे झाले. त्यामुळे ओव्हलच्या मैदानाकडून पाहणाऱ्याला न्याय आणि विद्या ह्या दोघी एकाच मुहूर्तावर बोहल्यावर उभ्या राहिल्यासारख्या दिसल्या असतील.

नकाशे विलायती, पण हात इथले होते. ह्या मनोऱ्याच्या अंगावर, पहिल्या सज्जाच्या वर आणि त्याहून वर शिखराच्या पायथ्याशी, दगडी माणसे उभी आहेत. ती एकंदर चोवीस आहेत. विलायतेत अशा जागी संत असतात, देवदूत असतात, राजे असतात. येथे पश्चिम हिंदुस्थानातल्या निरनिराळ्या जातीजमातींची माणसे आहेत, आपापल्या पागोट्यांनिशी नि अंगरख्यांनिशी. त्यांचे नमुने ज्यांनी घडविले त्यांचे नाव रावबहादूर मुकुंद रामचंद्र. बांधकाम खात्यात ते इंजिनिअर होते. स्कॉटसाहेबांचे नाव सर्वत्र छापून येते. मुकुंद रामचंद्रांचे नाव जुन्या वाटाड्या-पुस्तकांच्या एखाद्या ओळीत सापडते. मला स्वतःला असे वाटते की गॉथिक धाटणीच्या ह्या परक्या इमारतीला जे काही आपलेपण आले ते ह्या चोवीस माणसांनी आणले. मुंबईचा बाजार ज्यांच्या जोरावर चाले ते रस्त्यावरचे लोक त्यांनी दोनशे फुटांवर नेऊन उभे केले.

आता दंतकथेविषयी. राजाबाई आंधळी होती, धर्मनिष्ठ जैन असल्यामुळे सूर्यास्तानंतर अन्न घेत नसे, आणि सांज केव्हा झाली हे तिला कोणाला न विचारता कळावे म्हणून मुलाने हे टोले देणारे घड्याळ उभारले, अशी कथा मुंबईत घरोघर सांगतात. कथा इतकी गोड आहे की तिच्यावर प्रश्न करणे जिवावर येते. तरीही विचार केलाच पाहिजे. प्रेमचंदाचा बंगला भायखळ्यास; तेथून हा मनोरा कोस-दीड कोस लांब. मोटारी नसलेल्या त्या मुंबईत संध्याकाळच्या शांततेत टोले तेथवर पोहोचत असतील असे फार तर म्हणता येईल. घरातली एखादी मोलकरीणही "बा, दिवस मावळला" एवढे सांगू शकली असती. पण लोकांनी ही कथा का रचली ते मला समजते. एवढा मोठा मनोरा, आणि त्याला एका साध्या बाईचे नाव. मग त्या बाईची काही तरी गरज असली पाहिजे, असे लोकमनाला वाटले. आमच्या आत्याने तिला राणी केले, मुंबईकरांनी आंधळी केले.

टोल्यांचा विषय निघाला म्हणून एक जुने भांडण सांगून टाकतो. मनोऱ्यातील घंटांवर सोळा निरनिराळ्या चाली वाजत, विलायती राष्ट्रगीतापासून हँडेलच्या संगीतापर्यंत. चालींविषयी कोणाची तक्रार नव्हती; तक्रार उठली ती वेळेविषयी. त्या काळी मुंबईची वेळ वेगळी आणि मद्रासची वेगळी. मद्रास सुमारे अर्धा तास पुढे. रेल्वे मद्रासच्या वेळेवर चाले. १८८१ साली गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनी सरकारी कचेऱ्यांनाही मद्रासची वेळ लावली. लोक चिडले. आमच्या डोक्यावरचा सूर्य मद्रासला विचारून माथ्यावर येणार काय, असा त्यांचा सवाल. मनोऱ्यावरील घड्याळाने मद्रासची वेळ दाखविली नाही तर रात्री तबकडी उजळण्याचा खर्च आम्ही देणार नाही, असे सरकारने विद्यापीठाला बजावले. आणि १८८३ साली विद्यापीठाच्या सिनेटने मुंबईच्या वेळेच्या बाजूने कौल दिला. १९०६ साली हिंदी प्रमाणवेळ आल्यावरही मुंबईने आपली वेळ, प्रमाणवेळेहून एकोणचाळीस मिनिटे मागची, पुष्कळ वर्षे कवटाळून धरली. घड्याळ केवढेही उंचावर असो, ते कोणाचे ऐकते याला महत्त्व असते.

पण मूळ मुद्दा मनोऱ्यावर चढण्याचा. तो पुरा झाला तेव्हापासून लोक त्यावर चढू लागले. आतल्या गोल जिन्याने, भिंतीला हात लावीत, धापा टाकीत वर जावयाचे, आणि सज्जात येऊन उभे राहावयाचे. ते काय पाहत? १८६३ साली गोविंद नारायण माडगांवकरांनी 'मुंबईचे वर्णन' प्रसिद्ध केले, तेव्हा हा मनोरा नव्हता. त्यांना ती नगरी गल्लीगल्लीने हिंडूनच टिपावी लागली. त्यांच्यानंतर पंधरा वर्षांनी सज्जात उभे राहणाऱ्याला सारे एका फेरीत दिसे. पश्चिमेस खाली ओव्हलचे मैदान, त्याच्या कडेने बडोदा रेल्वेचा रूळ, आणि रुळाला लागूनच समुद्र. आज जेथे मरीन ड्राइव्ह आणि चर्चगेटच्या पलीकडची घरे आहेत तेथे तेव्हा पाणी होते. ती भर विसाव्या शतकातली. पूर्वेस बंदर, गलबतांच्या डोलकाठ्या, बेटे आणि मागे कोकणचे डोंगर. पायाशी जुना कोट. त्याची तटबंदी बार्टल फ्रिअरच्या कारकिर्दीत पाडलेली. तिच्या जागी रुंद रस्ते आणि नव्या इमारती. उत्तरेस गिरण्यांची धुराडी आणि गिरगावची दाट घरे. आपले बिऱ्हाड कोणते, हे त्या दाटीत शोधणारा कोणी कारकून, कोणी विद्यार्थी, कोणी गावाकडून आलेला पाहुणा मला डोळ्यांपुढे दिसतो. पहारा करावयाचा नाही, निशाण लावावयाचे नाही, बांगही द्यावयाची नाही. नुसते आपले शहर पाहावयाचे आहे, म्हणून वर चढलेले हे लोक आपल्याकडे नवीनच होते. पॅरिसमध्ये आयफेलचा लोखंडी मनोरा लोकांसाठी खुला झाला तो १८८९ साली, मुंबईच्या मागून.

ह्या नव्या लोकांत स्त्रियाही होत्या. तो काळ लक्षात आणा. १८८३ साली ह्याच विद्यापीठाने आपल्या पदव्या स्त्रियांना खुल्या केल्या, आणि त्याच दशकात नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी ह्या विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधर स्त्री झाल्या. रखमाबाईंच्या खटल्याने घराघरांत वाद पेटविले होते. १८९१ च्या मार्चमध्ये संमतिवयाचा कायदा झाला. त्यावरून पुण्यामुंबईत जी रणे माजली ती सर्वांना ठाऊक आहेत. बायकांनी शिकावे का, किती वर्षांच्या होईपर्यंत त्यांना मुली समजावे, याची चर्चा पुरुष सभांतून आणि वर्तमानपत्रांतून करीत होते. कायदा होऊन पुरता दीड महिनाही लोटला नव्हता.

१८९१ च्या एप्रिलची २५ तारीख. बचुबाई आणि फिरोजाबाई ह्या गोदरेज घराण्यातल्या दोन पारशी तरुणी मनोरा पाहावयास गेल्या. बचुबाईचा विवाह होऊन फार काळ झाला नव्हता. अर्देशर गोदरेज हे तिचे पती, पुढे कुलुपांच्या कारखान्याने ज्यांचे नाव देशभर झाले तेच. फिरोजाबाई अर्देशरांच्या नात्यातली. दोघी जिना चढून वर गेल्या. थोड्या वेळाने एक वरून खाली पडली, आणि तिच्या पाठोपाठ दुसरी. दोघीही गेल्या.

वर काय घडले ते कोणी पाहिले नाही. कोणी तरी त्यांची वाट अडविली, अब्रू वाचविण्यासाठी त्यांनी उड्या टाकल्या, असे बहुतेकांनी मानले. कोणी म्हणे ढकलल्या. एका इसमावर खटला झाला. पुराव्याअभावी तो सुटला. गावभर सभा झाल्या, अर्ज झाले, वर्तमानपत्रांचे रकाने भरले. अर्देशरांनी पुन्हा विवाह केला नाही. सहा वर्षांनी, १८९७ साली, त्यांनी कुलुपे करावयास आरंभ केला. ह्या दोन गोष्टींची सांगड घालण्याचा मोह काहींना होतो. मी ती घालणार नाही. धंदे मनुष्य अनेक कारणांनी काढतो.

त्या दोघींविषयी जे लिहिले गेले त्यातले पुष्कळसे त्यांच्या मरणाविषयी आहे. त्या गेल्या कशाला होत्या हे कोणी फारसे लिहीत नाही, कारण ते कारण अगदी साधे आहे. त्या शहर पाहावयास गेल्या होत्या. त्यांच्यासारख्या तरुण बायका कोणा वडीलधाऱ्याला बरोबर न घेता २८० फुटांच्या मनोऱ्यावर जाऊ शकत होत्या, ही त्या काळच्या मुंबईची गोष्ट सांगण्यासारखी होती. आणि ती सांगण्याची वेळ आली ती अशी. पुढे तेथून जीव देण्याचे आणखीही प्रकार झाले, आणि मनोऱ्याची वाट सर्वसामान्यांना बंद झाली.

बंद करणाऱ्यांना मी दोष देत नाही. दिल्लीत १९८१ च्या डिसेंबरात कुतुबमिनाराच्या अंधाऱ्या जिन्यात चेंगराचेंगरी होऊन पंचेचाळीस जीव गेले, त्यांत बहुतेक शाळेची मुले. तोही मिनार तेव्हापासून चढणाऱ्यांना मिटलेला आहे. जिना बंद करणे हा सर्वांत सोपा बंदोबस्त. एवढेच म्हणतो की वाट अडविणाऱ्याचा बंदोबस्त झाला नाही, वाटेचा झाला.

राजाबाईच्या मनोऱ्याची डागडुजी २०१३ ते २०१५ ह्या काळात मोठ्या काळजीने झाली; काजळी गेली, ग्रंथालयाच्या खिडक्यांतील रंगीत काचा पुन्हा उजळल्या. २०१८ साली युनेस्कोने मुंबईच्या त्या परिसराला जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. आता लोक ओव्हलवर उभे राहून मनोऱ्याकडे पाहतात. मनोऱ्यावरून पाहणारी ती चोवीस दगडी माणसेच उरली आहेत.

मीही माझ्या त्या पहिल्या खेपेस ओव्हलवरच उभा राहिलो. मान दुखेपर्यंत वर पाहिले, टोले ऐकले आणि परत फिरलो. रायपुरास आल्यावर संध्याकाळी आत्या अंगणात तांदूळ निवडीत बसली होती. तिला मी सर्व सांगितले. राजाबाई राणी नव्हती, कोणाची तरी आई होती, हे ऐकून तिला बरे वाटलेसे दिसले. मग त्या दोघींची हकीकत सांगितली. तिचा हात सुपात थांबला. पुष्कळ वेळ ती काही बोलली नाही. समुद्र तिने जन्मात पाहिला नव्हता.

"पोरी वर पोहोचल्या होत्या ना पण?" तिने विचारले. "समुद्र पाहिला असेल ना त्यांनी?"

पश्चिमेस तेव्हा समुद्र अगदी मैदानाला लागून होता. पाहिला असेल, असे मी तिला सांगितले.